दोन स्टेशनांमधला डोस

कोल्हापुरात पहाटे चालणाऱ्यांची वानवा नाही. रंकाळ्याचा काठ, शिवाजी विद्यापीठाचा परिसर, पेठांमधली मैदाने उजाडायच्या आत माणसांनी भरतात. हीच माणसे पुढे कधीतरी दवाखान्याच्या रांगेत भेटतात आणि कळवळून सांगतात, "डॉक्टर, रोज चालतोय, तरी साखर हलत नाही." तपशील विचारला की चित्र स्पष्ट होते. घरातून रंकाळ्यापर्यंत दुचाकी, तिथे गप्पा मारत वीस मिनिटांची फेरी, मग कट्ट्यावर चहा, आठवड्यातून दोनदा मिसळ आणि त्यानंतर रात्रीपर्यंत दुकानाच्या गल्ल्यावर किंवा कार्यालयाच्या खुर्चीत बैठक. चालणे होते हे खरे. पण औषधाची अर्धी गोळी चाटून ठेवावी तसे ते होते.

चालणे हे औषध मानायचे, तर त्याला मात्रा हवी. किती वेळ, किती वेगाने, किती दिवसांनी आणि ती कशी वाढवायची, याचा हिशेब हवा. हा हिशेब ठेवण्याची एक सोय कोल्हापूरकरांच्या दाराशी आहे आणि तिचा उपयोग या कामासाठी क्वचितच होतो. ती म्हणजे कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्ग. सुट्टीच्या दिवशी पॅसेंजर गाडीने जवळच्या एखाद्या स्टेशनवर उतरायचे, शिवारातून, डोंगरातून पोटभर चालायचे आणि संध्याकाळच्या आत रेल्वेने किंवा एसटीने परत यायचे.

लांब चालण्याने काय साधते?

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख रुग्ण आहेत. त्याहून मोठा आकडा मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांचा आहे : 13 कोटी 60 लाख. या उंबरठ्यावरच्या माणसाला माघारी फिरवता येते, हे भारतातच दाखवले गेले आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशा 531 जणांचा तीन वर्षे पाठपुरावा केला आणि 2006 मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना केवळ जुजबी सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी 55 टक्क्यांना मधुमेह जडला. ज्यांच्याकडून आहार सांभाळून रोज अर्धा तास भरभर चालण्याचा नेम पाळून घेतला, त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्क्यांवर आले. फरक औषधाच्या गोळीने नव्हे, ताटाने आणि पायांनी पडला.

यामागचे शरीरशास्त्र समजायला सोपे आहे. मधुमेहाच्या सुरुवातीला इन्सुलिन असते. पण स्नायूंच्या पेशी त्याला दाद देत नाहीत. साखर दारात उभी राहते आणि दार उघडत नाही. स्नायू आकुंचन-प्रसरण पावू लागले, की त्यांच्यात इन्सुलिनशिवाय उघडणारे दुसरे दार सक्रिय होते आणि रक्तातली साखर थेट स्नायूत ओढली जाते. मांडी आणि नितंबाचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे. म्हणून चालण्याने साखरेला सर्वांत मोठे गिऱ्हाईक मिळते. दोन तास चालल्यावर स्नायूंमधला साखरेचा साठा बऱ्यापैकी रिकामा होतो. तो पुन्हा भरून काढण्यासाठी पुढचे चोवीस तास, कधी त्याहून जास्त वेळ, स्नायू रक्तातली साखर घेत राहतात. इन्सुलिनला मिळणारी दादही या काळात सुधारलेली असते. वीस मिनिटांच्या फेरीत हा साठा फारसा हलत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेली मात्रा आठवड्याला 150 ते 300 मिनिटांच्या मध्यम श्रमाची आहे. मध्यम श्रम म्हणजे काय, हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, अशी गती म्हणजे मध्यम श्रम. मिनिटाला साधारण शंभर पावले पडली, की ती गती येते. मग प्रश्न उरतो, नोकरी-धंद्याच्या माणसाला रोज वेळ नसेल तर? ब्रिटनमध्ये सुमारे 90 हजार लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारे उपकरण आठवडाभर बांधून केलेला अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याचा बहुतेक व्यायाम एक-दोन दिवसांतच उरकणाऱ्यांमध्येही हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांचे प्रमाण अजिबात व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. आणि ते रोज थोडा थोडा व्यायाम करणाऱ्यांच्या जवळपास होते. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही. पण "रोज जमत नाही, म्हणून काहीच नको" या सबबीतली हवा मात्र तो काढून घेतो.

मधुमेहाच्या रुग्णाने मात्र एक भेद ध्यानात घ्यावा. साखरेवरचा परिणाम दोन दिवसांत ओसरतो. त्यामुळे रविवारची लांब चाल ही रोजच्या फेरीला पर्याय नाही, तिची जोड आहे.

रुळांनी आखलेली मात्रा

कोल्हापूर संस्थानच्या या रेल्वेमार्गाची पायाभरणी 1888 मध्ये झाली, तेव्हा शाहू महाराज शाळकरी वयाचे होते. 1891 मध्ये पहिली गाडी धावली. पूर्वी मीटरगेज असलेला हा मार्ग 1971 मध्ये ब्रॉडगेज झाला. सुमारे 48 किलोमीटरच्या या अंतरात, शहरालगतचा गूळ मार्केटचा थांबा सोडला, तर वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे आणि जयसिंगपूर अशी पाच स्टेशने लागतात. म्हणजे दोन स्टेशनांत सरासरी आठ किलोमीटर. आठ किलोमीटर चालणे म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाची अकरा हजारांच्या आसपास पावले.

"दिवसाला दहा हजार पावले" हा मंत्र जपानमधून आला. टोकियो ऑलिम्पिकनंतर 1965 मध्ये तिथे बाजारात आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राचे नावच "दहा हजार पावलांचे मापक" असे होते. तो आकडा प्रयोगशाळेतून आला नव्हता. पुढे 15 अभ्यास एकत्र करून 2022 मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की साठीच्या आतल्यांना आठ ते दहा हजार आणि साठीच्या पुढच्यांना सहा ते आठ हजार पावलांपर्यंत आयुर्मानाचा लाभ वाढत जातो. त्यापुढे तो फारसा वाढत नाही. जाहिरातीचा आकडा आणि विज्ञानाचा आकडा एकमेकांच्या जवळ आले हा योगायोग. आपल्या रेल्वेमार्गाची स्टेशनेही त्याच अंतराने वसलेली आहेत, हा दुसरा.

रेल्वेने जाण्याचा खरा लाभ मात्र वेगळाच आहे. दुचाकीने डोंगराच्या पायथ्याशी गेलेला माणूस गाडीभोवती घुटमळतो. दम लागला, ऊन चढले की पाय आपोआप गाडीकडे वळतात आणि पाच किलोमीटरचा बेत दीड किलोमीटरवर संपतो. रेल्वेने गेलेल्याकडे ही पळवाट नसते. परतीच्या गाडीची वेळ ठरलेली असते, स्टेशनपर्यंत पायीच जायचे असते आणि एका गावात उतरून दुसऱ्या गावातून परतताही येते. कष्ट टाळण्याची संधी काढून घेतली, की नेम पाळणे सोपे होते. शिवाय प्रवासात माणूस उठतो, बसतो, जिना चढतो, फलाटावर येरझाऱ्या घालतो. दुचाकीवर त्याचा फक्त अंगठा हलतो.

या विषयातला सर्वांत जुना आणि गाजलेला अभ्यासही वाहनावरचाच आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना जेरेमी मॉरिस यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिन्याने सतत वर-खाली करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. एकच बस, एकच रस्ता, एकच धूर. फरक होता तो बसण्याचा आणि चालण्याचा.

चार पायऱ्यांचा नेम

पहिली पायरी वळिवड्याची. ज्यांची चाल कित्येक वर्षांत दोन किलोमीटरपुढे गेलेली नाही, ज्यांचे वजन जास्त आहे किंवा गुडघे कुरकुरतात, त्यांनी इथून सुरुवात करावी. सपाट रस्त्याने अर्धा तास जायचे आणि अर्ध्या तासात परत यायचे. पाहण्यासारखे इथे पुष्कळ आहे, ते डोळ्यांपेक्षा मनाने पाहायचे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटलेल्या पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची वसाहत 1943 ते 1948 या काळात इथे होती. त्यांत बायका-मुलेच अधिक. शाळा, चर्च, दवाखाना असे सगळे गाव त्यांनी इथे वसवले होते. ते गेल्यावर फाळणीत उखडलेले सिंधी बांधव इथे आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. कापडाच्या खरेदीसाठी या गावात शेकडो वेळा आलेल्या कोल्हापूरकरालाही पायी फिरताना त्याची ही बाजू वेगळी भासते.

दुसरी पायरी रुकडीची. चार आठवडे पहिली पायरी त्रासाविना जमली, की इथे यावे. उसाच्या फडांमधल्या रस्त्यांनी घड्याळ लावून पाऊण तास एका दिशेला चालायचे आणि पाऊण तास परत. पंचगंगेचा काठ जवळ आहे. नदीवरचा रेल्वेपूल मात्र फक्त लांबून पाहायचा. रुळांवरून किंवा पुलावरून चालणे हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ तर आहेच. वक्तशीर गाडी चुकवता येते, अवचित आलेली मालगाडी नाही. रुकडीहून थेट हातकणंगल्यापर्यंत चालत जाण्याचा मोह होतो. पण त्या वाटेवर अतिग्रेजवळ सांगली महामार्गाची वर्दळ लागते. तो टप्पा गाडीनेच केलेला बरा.

तिसरी पायरी हातकणंगल्याची, आणि इथे पहिल्यांदा चढ येतो. एक वाट आळते गावावरून रामलिंग आणि धुळोबाच्या डोंगराकडे जाते. रामलिंगच्या गुहेत पिंडीवर झिरपणारे पाणी पाहत चार घटका विसावता येते. दुसरी वाट कुंभोजच्या बाहुबली डोंगराकडे, सहा-सात किलोमीटरची. 1963 मध्ये उभारलेली बाहुबलींची 28 फुटी संगमरवरी मूर्ती आणि डोंगरावरच्या जिनालयांकडे नेणाऱ्या पायऱ्या हे तिथले आकर्षण. कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जन्मगाव. गावागावांतून पायी फिरून मुले गोळा करणाऱ्या माणसाच्या गावी जायला पायी जाण्यासारखी दुसरी रीत नाही. चढामुळे हृदयाला सपाटीपेक्षा जास्त काम पडते, म्हणून पहिल्या दोन पायऱ्या न ओलांडता थेट इथे येऊ नये.

चौथी पायरी जयसिंगपुरातून नरसोबावाडीची. शिरोळमार्गे बारा ते पंधरा किलोमीटर सपाट, पण लांबलचक चाल. पौर्णिमेला अनेक दत्तभक्त ती करतात. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पाय धुऊन एसटीने जयसिंगपुरात आणि तिथून रेल्वेने घरी. हे अंतर तीन-साडेतीन तासांत सहज कापणारा पन्नाशीचा माणूस आपल्या हृदयाविषयी बऱ्यापैकी निश्चिंत राहू शकतो.

यापुढे जाण्याची उमेद असणाऱ्यांनी मिरज ओलांडून पुणे मार्गावर ताकारीपर्यंत जावे. जवळच सागरेश्वर अभयारण्य आहे. उजाड डोंगरांवर माणसांनी झाडे लावून, प्राणी सोडून उभे केलेले हे पावणेअकरा चौरस किलोमीटरचे जंगल. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून ते घडले. झाडांच्या सहवासाचा मनावर होणारा परिणाम हाही आता अभ्यासाचा विषय आहे. इंग्लंडमधील सुमारे 20 हजार लोकांच्या 2019 सालच्या पाहणीत आठवड्याला दोन तास किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. हे त्यांनी स्वतःविषयी सांगितलेले आहे, हे लक्षात ठेवूनच ते मानायचे. पण जपानने 1982 पासून "वनस्नान" ही कल्पना सरकारी पातळीवर राबवली, ती काही केवळ हौसेखातर नव्हे.

लहान स्टेशनांवर पॅसेंजर गाड्याच थांबतात आणि त्यांच्या वेळा बदलत असतात. निघण्याआधी जाण्याची आणि परतीची, दोन्ही गाड्या पाहून ठेवाव्यात.

वाटेत शरीर काय सांगते?

लांब चालीचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. ती एक तपासणीही असते. आरामात पलंगावर काढलेला ईसीजी निर्दोष असतानाही हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा असू शकतो. कारण स्वस्थ पडलेल्या हृदयाला फार रक्त लागत नाही. तो अडथळा उघडा पडतो तो चढावर. चालताना छातीत आवळल्यासारखे, ओझे ठेवल्यासारखे वाटणे, ती कळ जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात जाणे आणि उभे राहिल्यावर पाच-दहा मिनिटांत थांबणे, हे हृदयविकाराचे ठळक लक्षण आहे. आपल्याकडे त्याला बिनदिक्कत "ॲसिडिटी" म्हणून मोकळे होतात. पोटातले आम्ल चढ आणि सपाटी यांत फरक करत नाही, हृदय करते. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत कळ न येता नुसता दम लागणे, घाम फुटणे किंवा नेहमीच्या चालीत अचानक थकवा येणे एवढेच लक्षण असू शकते. असे झाले, तर त्या दिवशीची चाल तिथेच संपवावी आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. थांबूनही कळ जात नसेल, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी "आधी घरी जाऊ, मग बघू" हा विचार जीव घेतो.

म्हणूनच चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात लवकर हृदयविकाराचा इतिहास असलेल्या माणसाने तिसऱ्या पायरीआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गरज वाटली, तर ते चालत्या पट्ट्यावरची ताण चाचणी सुचवतील.

मधुमेहींसाठी आणखी तीन गोष्टी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर लांब चालीत खूप खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणे, घाम, भूक, गोंधळल्यासारखे होणे ही तिची चिन्हे. त्यासाठी खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोजची पावडर असावी. साठा भरण्याची जी क्रिया आधी सांगितली, तिच्यामुळे साखर त्याच रात्री झोपेतही उतरू शकते. म्हणून त्या दिवशीची औषधाची मात्रा आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावी; स्वतःच्या मनाने कमी किंवा बंद करू नये.

दुसरी गोष्ट पायांची. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना हळूहळू जाते. बाहुबलीला किंवा वाडीला दर्शनासाठी पादत्राणे काढून तापलेल्या फरशीवर चालल्यावर अशा माणसाला चटका कळत नाही. घरी आल्यावर फोड दिसतो, आठ दिवसांनी जखम, आणि काही दुर्दैवी रुग्णांची गोष्ट बोट किंवा पाय गमावण्यापर्यंत जाते. अशांनी दर्शन सकाळी लवकर घ्यावे, जाड सुती मोजे पायात ठेवावेत आणि रात्री आरशात तळपाय पाहावेत. देवाला मोजे चालतात. नवे बूट लांब चालीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत, हे तर सर्वांसाठीच.

तिसरी गोष्ट गुडघ्यांची. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. हे दुखणे आपोआप जाते, वेदनाशामक गोळ्यांची त्याला गरज नसते. काठी घेऊन, लहान पावले टाकत, नागमोडी उतरावे. गुडघा सुजला किंवा अडकू लागला, तर मात्र एक पायरी खाली यावे.

ऊन, ऊस आणि साप

ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी हा या चालीचा हंगाम. मार्चनंतर सकाळी दहाच्या आत चाल संपवावी. माणशी किमान दीड लिटर पाणी आणि मीठ घातलेले ताक किंवा लिंबूपाणी सोबत असावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना उन्हात लवकर चक्कर येते. पावसाळ्यात नदीकाठच्या वाटा आणि पाण्याखाली गेलेले बंधारे वर्ज्य मानावेत. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून, चिखलातून चालल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

हाच हंगाम ऊसतोडीचाही आहे. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावरून येतात. नेहमी उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे. पाचट जाळल्याचा धूर दिसला, तर दमेकऱ्यांनी वाट बदलावी आणि श्वासाचा पंप जवळ ठेवावा.

उसाच्या फडात उंदीर, आणि उंदरांमागे साप. घोट्यापर्यंत झाकणारे बूट, हातात काठी आणि अंधारात बॅटरी एवढी खबरदारी बहुतेक दंश टाळते. दंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. तो अवयव फळीला बांधतात तसा स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये आणि मांत्रिकाकडे एक मिनिटही न घालवता सरकारी रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर चालणारी एकच लस आपल्याकडे उपलब्ध आहे. साप पकडून आणण्याची गरज नसते.

डब्यात काय, आणि परतीला काय?

सत्तर किलोचा माणूस आठ किलोमीटर चालतो, तेव्हा साधारण 400 किलोकॅलरी खर्च होतात. एक प्लेट मिसळ, वर जादा पाव आणि कट, की हिशेब फिटला. गुऱ्हाळावरचा उसाच्या रसाचा एक ग्लास म्हणजे तीस ते चाळीस ग्रॅम साखर. "गूळ नैसर्गिक आहे, त्याने साखर वाढत नाही" हा समज तर गुळाच्या पेठेत जन्मलेल्या प्रत्येकाने एकदाचा सोडावा. गुळात लोह आणि खनिजे थोडी असतात. बाकी बहुतांश ती साखरच. वाडीच्या बासुंदीचे तेच. ज्यांना मधुमेह नाही, त्यांनी चवीपुरती जरूर खावी. डब्यात भाकरी, झुणका, मोड आलेली उसळ, काकडी आणि दह्याची वाटी असली, की पोटही भरते आणि चाल वाया जात नाही.

शेवटची सूचना एका छोट्या वहीची. प्रत्येक चालीनंतर तीन ओळी लिहाव्यात : कोणत्या स्टेशनवरून किती वेळ चाललो, कुठे दम लागला आणि तो किती वेळात ओसरला, दुसऱ्या दिवशी काय दुखले. मधुमेह असेल, तर आधीची आणि नंतरची साखर. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना एका रुग्णासाठी मोजकी मिनिटे मिळतात आणि त्यातली बरीचशी "कसं वाटतंय?" या प्रश्नात जातात. "गेल्या महिन्यात रामलिंगचा चढ न थांबता चढलो, काल दोनदा थांबावे लागले" हे एक वाक्य त्या मिनिटांत पुढच्या तपासणीची दिशा ठरवते, आणि कधी कधी झटका येण्याआधी रुग्ण योग्य जागी पोहोचतो.